पिवळ्या साडीचा भाव

आई दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर उकिडवी बसली, साडी मांडीवर घेतली आणि अंगठा न् बोटाच्या चिमटीत काठ धरून चोळायला लागली.

"मावशी, खाली नका बसू. लोक येतात-जातात," काउंटरमागची तरुण बाई म्हणाली.

"बसल्याबिगर कापड कळत न्हाई, बाळ," आई म्हणाली आणि बसूनच राहिली.

मी शेजारी उभी होते. लाज वाटत होती, ती आईची की दुकानाची हे तेव्हा कळत नव्हतं. एकोणीस वर्षांची होते. डी.एड.ला दुसऱ्या यादीत नंबर लागला होता, म्हणून कॉलेजात तीन आठवडे उशिरा गेले. सोमवारी माझा पहिला सराव पाठ होता, आणि प्राचार्यांनी वर्गात सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "गणवेशाची साडी नसेल तर शाळेच्या फाटकात पाऊल टाकायचं नाही. पाठ बुडला तर बुडला." साडी म्हणजे फिकट पिवळी, मोरपंखी काठाची. ती गावातल्या एकाच दुकानात मिळायची, आणि तिथला माल संपला होता. नवा दिवाळीनंतर. त्या दिवशी शनिवार होता.

सांगलीसारख्या गावात जुनी साडी मिळवणं आईला अवघड नव्हतं. तिचा धंदाच तो. हौसाबाई बोहारीण म्हटलं की पारिजात कॉलनीतल्या बावीस बंगल्यांत तिला ओळखत. डोक्यावर भांड्यांची पाटी, खांद्यावर गाठोडं. जुने कपडे घ्यायचे, भांडं द्यायचं, कपडे धुऊन, शिवून आठवडी बाजारात विकायचे. डी.एड.च्या मुली पास झाल्या की त्यांच्या साड्याही तिच्याकडे यायच्या. पण त्या वर्षी कॉलनीतल्या चार बायकांनी मिळून 'सद्भाव वस्तू भांडार' काढलं. घरोघरी कागद वाटले की जुने कपडे फेकू नका, विकू नका, दान करा. कॉलेजच्या वसतिगृहातही एक खोकं ठेवलं. लोकांना बरंच झालं. पुण्यही मिळतं आणि बोहारणीशी घासाघीस करायला नको. सहा महिन्यांत आईचं गाठोडं निम्म्यावर आलं, आणि गावातल्या सगळ्या पिवळ्या साड्या त्या भांडाराच्या दुकानात जाऊन बसल्या.

दुकानाच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'गरजूंसाठी, सन्मानाने.' आत खालच्या बाजूला दुसरी पाटी होती, 'एकच भाव. घासाघीस करू नये.'

आईनं साडी उजेडाकडे धरली. मग उलटी केली, निऱ्यांच्या जागी ताणून बघितली, पदर बघितला.

"दोन वर्सं नेसलीया," ती मला म्हणाली, पण दुकानात सगळ्यांना ऐकू जाईल असं. "फॉल उसवलाय. पदराला शाईचा डाग. कापड मजबूत हाय अजून. ऐंशी रुपयं."

"चिठ्ठी बघा, मावशी," काउंटरमागची म्हणाली. "चारशे ऐंशी आहे."

आईनं चिठ्ठी बघितली. तिला अक्षरं येत नव्हती, आकडे यायचे. मग तिनं नख लावून चिठ्ठी हळूच उचकटली. खाली दुसरी चिठ्ठी होती. तिच्यावर दीडशे लिहिलेलं होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवी कोरी साडी सहाशे दहाला होती, आणि ही शाई सांडलेली, दुसरीनं दोन वर्षं नेसून फुकट दिलेली, चारशे ऐंशीला.

"हे कधी बदललं?" मी विचारलं.

"मी नाही लावत भाव. आईंना विचारा," ती म्हणाली आणि आतल्या खोलीकडे बघून हाक मारली. "आई, जरा येता का?"

आतून तिच्या सासूबाई आल्या. पांढऱ्यावर निळी बुट्टी असलेली साडी, चष्मा दोरीला लावलेला, छातीवर 'सुलभा रेगे' असा बिल्ला. मी त्यांना लगेच ओळखलं. पारिजात कॉलनी, बंगला नंबर नऊ. सुट्टीत आईबरोबर गाठोडं धरायला गेले की नऊ नंबरला तास मोडायचा. रेगे वहिनी पाच साड्या टाकायच्या आणि त्यावर मोठं पातेलं मागायच्या. आई म्हणायची, "आणखी दोन टाका, वहिनी." त्या म्हणायच्या, "अगं, ह्यातली एक तर नवीच आहे." ती नवी म्हणजे घडीच्या आतून टराटरा फाटलेली असायची. आईला ते घडी न उघडता कळायचं. तरी ती हसून भांडं द्यायची आणि जाताना पाणी मागून प्यायची.

मला वाटलं, आता बरं होईल. आता ह्या म्हणतील, "अगं हौसाबाई, तू?"

त्यांनी आईकडे बघितलं आणि म्हणाल्या, "काय अडचण आहे?"

आईनंही मान वर केली. "ताई, ह्या साडीचा खरा भाव सांगा की."

ताई म्हणाली ती. बारा वर्षं जिला वहिनी म्हणत होती, तिला ताई. मला वाटलं आई घाबरली. मग वाटलं, खाली बसल्यामुळे तिला तोंड नीट दिसलं नसेल. काहीही वाटत होतं.

"भाव लिहिलेला आहे. एकच भाव असतो आमच्याकडे."

"खाली दीडशे लिवलंय."

"ते जूनमधलं. आता कॉलेज सुरू झालं, मागणी वाढली." रेगे वहिनी समजावणीच्या सुरात बोलत होत्या, लहान मुलाला सांगावं तसं. "आणि हे पैसे काय आम्ही घरी नेतो? अनाथ मुलींच्या शिक्षणाला जातात. तुम्ही चार पैसे जास्त दिले तर एका मुलीचं भलंच होईल ना?"

मी मुलगी होते. मी शिकत होते. बाप वारून नऊ वर्षं झाली होती, म्हणजे निम्मी अनाथ मीही होतेच. दुकानात ज्या गरजूंसाठी पाटी लावली होती ती गरजू त्यांच्यासमोर उभी होती, आणि तिलाच सांगत होत्या की गरजूंसाठी चार पैसे जास्त दे. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच. दान दुसऱ्यांचं, शाबासकी ह्यांची आणि भुर्दंड आम्हाला.

आईनं वाद घातला नाही. तिनं पिशवीतून एक स्टीलचा डबा काढून फरशीवर ठेवला. कडीचा, जाड बुडाचा, नवा. बोटानं टकटक वाजवून दाखवला.

"ह्यो डबा घ्या. वर शंभर रुपयं देते. साडी द्या."

सून हसली. वाईट हसली नसेल, पण हसली. कपाटाजवळ कप-बशा निवडत असलेल्या कॉलनीतल्या दोन बायकांनी वळून बघितलं.

आता आठवलं की त्या डब्यासाठी जीव तुटतो. आईला दुसरा व्यवहारच माहीत नव्हता. तिच्या हिशेबानं भाव सांगणं म्हणजे बोलायला सुरुवात. समोरच्यानं चारशे ऐंशी म्हटलं की आपण भांडं मांडायचं, मग त्यानं थोडं उतरायचं, आपण थोडं चढायचं, आणि मध्ये कुठेतरी दोघांनी पाणी प्यायचं. 'घासाघीस करू नये' हे तिला मी वाचून दाखवलं असतं तरी तिला वाटलं असतं, हीसुद्धा घासाघिशीचीच एक तऱ्हा.

"मावशी, हे बोहारणीचं दुकान नाही," रेगे वहिनी म्हणाल्या. "इथे असली देवाणघेवाण चालत नाही. परवडत नसेल तर ठेवून द्या साडी, दुसरी कुणीतरी नेईल. सकाळपासून दोघी विचारून गेल्या."

आई उठली. डबा पदरानं पुसला, पिशवीत ठेवला. मला वाटलं आता ती बोलेल. तिच्याजवळ बोलण्यासारखं पुष्कळ होतं. पण ती फक्त म्हणाली, "बरं, ताई."

ते 'बरं, ताई' ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. रेगे वहिनींपेक्षा आईचा राग आला. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, असं झालं.

"ताई कशाला म्हणतीस तिला?" मी म्हणाले. "नऊ नंबरच्या रेगे वहिनी आहेत ह्या. फाटक्या साड्या घडीत लपवून तुझ्याकडनं पातेली उकळत होत्या, त्या. तेव्हा एकच भाव नव्हता वाटतं?"

"शालन," आई म्हणाली.

"तेव्हा तासतास बसवून घ्यायच्या. एका वाटीसाठी. आणि आता आम्हाला शिकवतात घासाघीस करू नये म्हणून."

"शालन, गप बस."

रेगे वहिनींचा चेहरा लाल झाला होता, पण त्या सावरल्या. "हे बघ मुली, तुला काही बोलण्याची रीत आहे की नाही? मी ह्यांना ओळखतसुद्धा नाही."

तिथं मी थांबले असते तर पुढचं काहीच झालं नसतं. पण त्या म्हणाल्या ओळखत नाही, आणि मी ते बोलले.

"ओळखत नाही? तुमचा लग्नातला शालू वर्षभर आमच्या पत्र्याच्या पेटीत होता. मागच्या दारानं बोलावून दिला होतात. भांडं नको, रोख दे म्हणून. रडत होतात. आठशे रुपये दिले होते आईनं, उसने आणून. आणि वर्षानं परत मागायला आलात, तेव्हा आठशेच घेतले. वरचा एक रुपया नाही. त्या दिवशी तुम्ही काय भाव लावला असता, सांगा की."

हे मला माहीत होतं ते पेटीमुळे. बारा वर्षांची असताना मी तो शालू एकदा अंगावर घेऊन बघितला होता आणि आईनं तो ओढून काढला होता. तेव्हा तिनं सगळं सांगितलं, आणि कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती.

दुकानात कप-बशांचा आवाज थांबला. सून सासूकडे बघत होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं हे तिच्या तोंडावर दिसत होतं. रेगे वहिनींच्या नवऱ्याचा कारखाना बंद पडला होता त्या वर्षातली गोष्ट. घरात सासू-सासरे, दीर, सगळे होते आणि कुणालाच पत्ता नव्हता. त्यांच्या समजुतीनं जगात दोघींनाच ठाऊक होतं, एक शालूवाली आणि एक बोहारीण.

आईनं माझ्या मुस्काटात मारली. तिनं मला त्याआधी कधी मारलं नव्हतं. कानात नुसता आवाज भरला.

मग ती रेगे वहिनींकडे वळली, दोन्ही हात जोडले आणि म्हणाली, "माफ करा, वहिनी."

वहिनी. म्हणजे त्या आतल्या खोलीतून आल्या तेव्हाच तिनं त्यांना ओळखलं होतं.

रेगे वहिनींनी काउंटरच्या कडेचा आधार घेतला. मग त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "हौसाबाई, घेऊन जा साडी. पैसे राहू देत."

नाव आठवलं म्हणायचं, मी मनात म्हणाले. गाल चुरचुरत होता तरी मला वाटलं आपण जिंकलो.

आईनं कनवटीची पुरचुंडी सोडली. भांड्यांचा नवा माल आणायला ठेवलेले पैसे होते ते. पाचशेची नोट तिनं काउंटरवर ठेवली, सुनेनं दिलेले वीस रुपये घेतले, साडी काखेत मारली.

"अगं, खरंच नको," रेगे वहिनी म्हणाल्या.

"तुमचा भाव तुम्ही सांगितला, म्या दिला," आई म्हणाली. "आता तुमचं-माझं काही न्हाई."

घरी आल्यावर आईनं साडी भिजवली, शाईच्या डागावर लिंबू चोळलं, रविवारी फॉल शिवला. सोमवारी मी फाटकातून आत गेले आणि चौथीच्या वर्गाला भागाकार शिकवला. पाठ चांगला झाला. निरीक्षक बाईंनी वहीत तसं लिहिलं. मी घरी येऊन आईला वही दाखवली. ती म्हणाली, "चांगलं झालं," आणि भाकरी थापत राहिली.

मंगळवार हा पारिजात कॉलनीचा दिवस. त्या मंगळवारी पाटी कोपऱ्यातच होती. पुढच्या मंगळवारीही.

"कॉलनीत जात नाहीस?" मी विचारलं.

"न्हाई."

"का? नऊ नंबर सोडून दे. बाकी एकवीस घरं आहेत की."

आई माझ्याकडे बघायला लागली. तिच्या तोंडावर राग नव्हता, आणि तेच मला सहन होईना.

"शालन, बोहारणीला बाया दारात का घेत्यात ठावं हाय? भांड्यासाठी न्हाई. भांडी बाजारात मिळत्यात. माझ्याम्होरं गाठोडं सोडत्यात, त्यात कुणाची फाटकी चोळी असती, कुणाच्या मेलेल्या लेकराचं झबलं असतं. घरातलं सगळं त्या गाठोड्यात असतं. ते मी बघती आन् हिकडचं तिकडं करत न्हाई. कुठं गाठ पडली तर वळख दावायची न्हाई, अगुदर त्यांनी दावली तरच. आमच्या आईनं मला पाटी देताना एवढंच सांगितलं हुतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, आन् मुठी त्यांच्या असल्या तरी झाकायच्या आपण."

"पण तिनं तुला ओळख दाखवली नाही. ती खोटं बोलली."

"तिचं ती बघंल. आता बावीस घरांत ठाऊक झालं की हौसाबाईच्या घरात गोष्टी निघत्यात. कोण सोडंल गाठोडं माझ्याम्होरं?"

तिचं खरं होतं. मी गुपचूप सहा नंबरला जाऊन आले. त्या बाई दारातूनच म्हणाल्या, आता आम्ही सगळं भांडारातच देतो. इतक्या गोड आवाजात म्हणाल्या की दार लावल्याचं कळलंच नाही.

दिवाळीनंतर आई एका मंगल कार्यालयात कामाला लागली. बावीस वर्षं भांडी डोक्यावर घेऊन फिरलेली बाई पंगतींची भांडी घासायला लागली. हात सोडा-साबणानं सोलून निघायचे. मी तिला एकदा म्हटलं, माझ्यामुळे झालं हे. ती म्हणाली, "व्हय." खोटं बोलून समजूत काढणं तिच्या स्वभावात नव्हतं.

लोक मला विचारतात, त्या दुकानाचा अजून राग येतो का. येतो. फुकट मिळालेल्या साडीवर चिठ्ठीवर चिठ्ठी चिकटवणाऱ्या हाताचा येतो, आणि 'सन्मानाने' लिहिणाऱ्या रंगाऱ्याचासुद्धा येतो. पण सगळ्यात जास्त त्या एकोणीस वर्षांच्या पोरीचा येतो. राग तिचा होता आणि तो तिनं आईच्या पुरचुंडीतून खर्च केला.

दोन वर्षांनी मी पास झाले. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरीचा कागद आला त्याच आठवड्यात आईनं साडी धुऊन, इस्त्री करून आणली आणि माझ्यासमोर उकिडवी बसली. मध्ये तो कडीचा डबा ठेवला.

"ह्यो घे आन् साडी मला दे."

"घरातलीच आहे, ने की."

"साडी तुझी हाय. फुकट न्हाई नेत मी."

मी डबा घेतला. आजही शाळेत भाकरी त्यातच नेते.

आमच्याच गल्लीतल्या सुमन घोरपडेचा त्या साली डी.एड.ला नंबर लागला होता. तीही दुसऱ्या यादीत. भांडारात जाऊन आली होती, तिथं साडीचा भाव साडेपाचशे झाला होता. आईनं तिला घरी बोलावलं आणि साडी तिच्या मांडीवर ठेवली. सुमननं पदर चाचपला, काठ बघितला, डाग बघितला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला वाटलं, आई आता म्हणेल, घेऊन जा पोरी.

"साठ रुपयं," आई म्हणाली.

मी चिडून म्हणाले, "आई, अगं द्यायची तिला तशीच."

"तशीच दिली तर उद्या मला बघून ती वाट बदलंल," आई म्हणाली. "तवा ऐंशीची हुती. तू दोन वर्सं नेसलीस, वीस कमी."

सुमननं शंभरची नोट काढली. आईनं पुरचुंडी सोडून चाळीस रुपये तिच्या हातावर ठेवले.

"राहू द्या की, मावशी," सुमन म्हणाली. "भांडारात साडेपाचशे सांगत होते."

"ते सांगत असतील," आई म्हणाली. "हिचा भाव साठ हाय."